एअरसॉफ्ट : एका नव्या खेळाची जन्मकथा



गावची जत्रा म्हटली की पाळणे आले, रेवड्या-बत्तासे आले, आणि फुगे फोडायची बंदूकही आली. फळीवर रंगीबेरंगी फुगे ओळीने लावलेले असतात, पुढ्यात हवेची बंदूक ठेवलेली असते, आणि भोवती पोरांचा गराडा पडलेला असतो. ज्याचा नेम लागतो तो छाती पुढे काढून घरी जातो. ज्याचा चुकतो तो म्हणतो, "बंदुकीची नळीच वाकडी हो!" दिवाळी आली की टिकल्यांच्या पिस्तुलाने अंगणात नुसता धूर होतो. मुलांना बंदुकीची ओढ फार, आणि आईवडिलांना व गुरुजींना तिची धास्तीही तेवढीच.

आज ज्या खेळाची हकीकत मी सांगणार आहे, तो या ओढीतून आणि या धास्तीतून, दोन्हींतून मिळून जन्माला आला. त्याचे नाव एअरसॉफ्ट. मोबाइलवरच्या चित्रफितींतून हा खेळ आता खेड्यापाड्यांतल्या मुलांनीही पाहिलेला असतो. लष्करी पोशाख घातलेली माणसे झाडांआडून एकमेकांवर बंदुका रोखतात, तडतड आवाज होतो, एखादा हात वर करून बाजूला होतो, आणि घटकाभराने तोच हसतहसत पाणी पिताना दिसतो. मग वर्गात प्रश्न येतो, "गुरुजी, ती बंदूक खरी असते का? आणि खरी नसेल, तर तो माणूस बाहेर का जातो?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. ती बंदूक खरी नसते. दिसायला अगदी खऱ्यासारखी असते, पण तिच्यातून शिशाची गोळी सुटत नाही. ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा, सहा मिलिमीटर व्यासाचा प्लास्टिकचा गोल मणी सुटतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र एका वाक्यात देण्याजोगे नाही. ते नीट समजायचे तर आपल्याला जपान देशात जायला हवे, आणि तेही बरेच मागे, सोळाव्या शतकात.

१५१० साली पोर्तुगीजांनी गोवे घेतले, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यानंतर त्यांची माणसे व्यापारासाठी पूर्वेकडे सरकत गेली. १५४३ साली काही पोर्तुगीज एका चिनी गलबतातून जपानच्या तानेगाशिमा नावाच्या बेटावर जाऊन लागले. त्यांच्याजवळ तोड्याच्या बंदुका होत्या. जपानी लोकांनी अशी वस्तू पूर्वी पाहिली नव्हती. बेटाच्या तरुण सरदाराने दोन बंदुका विकत घेतल्या आणि आपल्या तलवारी घडवणाऱ्या कारागिरापुढे ठेवल्या. "अशीच बनव," म्हणाला. जपानी लोहार हाताचे मोठे कुशल. पाहता पाहता त्या देशात ठिकठिकाणी बंदुका घडू लागल्या, आणि लोक बंदुकीलाच तानेगाशिमा म्हणू लागले. १५७५ साली नागाशिनो येथे ओदा नोबुनागा या सेनानीने बंदूकधाऱ्यांच्या बळावर नामांकित घोडदळ मोडून काढले. बंदूक येऊन तेव्हा जेमतेम बत्तीस वर्षे झाली होती.

पण त्याच देशाने पुढे बंदूक आणि तलवार दोन्ही सामान्य माणसाच्या हातून काढून घेतल्या. १५८८ साली तोयोतोमी हिदेयोशी या सत्ताधीशाने हुकूम काढला, की शेतकऱ्यांनी आपल्याजवळच्या तलवारी, भाले, धनुष्ये आणि बंदुका सरकारजमा कराव्यात. या लोखंडाचे खिळे करून बुद्धाच्या थोर मूर्तीच्या मंदिरासाठी वापरू, म्हणजे तुम्हाला पुण्य लागेल, असेही त्या हुकुमात सांगितले होते. शेतकऱ्याच्या हातात नांगर असावा, शस्त्र असू नये, हा त्यातला खरा हेतू. पुढे १६०३ ते १८६८ या काळात तोकुगावा घराण्याची सत्ता होती. त्या काळात देशात मोठी युद्धे जवळजवळ थांबलीच. १८७६ साली तर नव्या सरकारने सामुराईंनाही कमरेला तलवार लावून फिरण्याची बंदी केली.

त्यानंतरचा इतिहास मात्र उलट्या दिशेने गेला. जपानने मोठी फौज उभारली, शेजाऱ्यांवर चढाया केल्या, आणि शेवटी दुसऱ्या महायुद्धात १९४५ च्या ऑगस्टमध्ये शरणागती पत्करली. अमेरिकनांच्या अमलाखाली १९४६ साली नागरिकांना शस्त्रे बाळगायला बंदी झाली. १९४७ साली नवी राज्यघटना अमलात आली; तिच्या नवव्या कलमात युद्धाचा त्याग केल्याची घोषणा आहे. आणि १९५८ साली बंदुका व तलवारी यांच्यासंबंधीचा कायदा झाला. त्याचा मूळ सूर असा, की बंदूक किंवा तलवार कोणीही बाळगू नये. अपवाद फक्त ज्यांना कायदा परवानगी देईल त्यांचा. शिकारीच्या किंवा नेमबाजीच्या बंदुकीसाठीसुद्धा परीक्षा, तपासणी, परवाना अशा कितीतरी पायऱ्या चढाव्या लागतात.

श्रोतेहो, इथे आपल्या गोष्टीला खरी सुरुवात होते. कायद्याने बंदूक घरातून गेली. मनातून कशी जावी? सिनेमागृहांत अमेरिकेचे घोडेस्वारांचे चित्रपट लागत. मुले ते पाहून येत आणि गल्लीत लुटूपुटूची लढाई करत. साठच्या दशकात तिथल्या खाऊच्या छोट्या दुकानांतून एक खेळण्यातले पिस्तूल मिळत असे. त्यातून मातीच्या बारीक गोळ्या उडत. गोळ्यांना वरून चांदीसारखा रंग दिलेला असे. एकमेकांवर त्या मारायच्या, संपल्या की जमिनीवरच्या वेचून पुन्हा भरायच्या. आपली मुले गोट्या वेचतात ना, तसेच.

मोठ्या माणसांसाठी निराळी वस्तू निघाली. हुबेहूब खऱ्या बंदुकीसारख्या धातूच्या प्रतिकृती कारखानदारांनी बाजारात आणल्या. सुटे भाग तसेच, वजन जवळजवळ तेवढेच, चाप ओढला की टिकली फुटून आवाजही व्हायचा. पण गोळी मात्र काही सुटायची नाही. हौशी लोकांनी त्या कपाटात मांडल्या, रुमालाने पुसल्या, खोलल्या आणि पुन्हा जोडल्या.

पण ज्याला वस्तू खरी दिसते त्याला तिचे भयही खरेच वाटते. अशा प्रतिकृती दाखवून धाकदपटशा करणारे लोक निघाले. काहींनी त्यांत फेरफार करून खरी गोळी उडवण्याचाही उद्योग केला. तेव्हा १९७१ साली सरकारने नियम केला, की धातूच्या प्रतिकृती-पिस्तुलाचा रंग पांढरा किंवा पिवळा असला पाहिजे आणि त्याची नळी बंद केलेली असली पाहिजे. १९७७ साली नियम आणखी कडक झाले. खऱ्या बंदुकीत रूपांतर होऊच नये, अशा बेताने त्या बनवणे भाग पडले.

कारखानदारांपुढे पेच पडला. हौस करणारे गिऱ्हाईक तर दारात उभे आहे, आणि धातू वापरावा तर कायदा आडवा येतो. मग ते प्लास्टिककडे वळले. आणि सत्तरच्या दशकात एक नवी कल्पना निघाली. नुसत्या आवाजाऐवजी हवेच्या जोराने हलका प्लास्टिकचा मणी उडवला तर? कोणाला इजा होणार नाही इतका बेताचा जोर ठेवायचा, पण नेमबाजीची मजा मात्र मिळाली पाहिजे. या बंदुकांना जपानात 'सॉफ्ट एअर गन' असे नाव पडले. सॉफ्ट म्हणजे मऊ, एअर म्हणजे हवा. पुढे जगभर जाताना शब्दांची अदलाबदल होऊन त्याचे एअरसॉफ्ट झाले.

ही बंदूक चालते कशी? आपल्या कोकणातली मुले बांबूची पोकळ नळी घेतात, एका टोकाला हिरवे बारीक फळ घट्ट बसवतात आणि दुसऱ्या टोकाकडून दुसरे फळ दट्ट्याने रेटतात. मधली हवा दाबली जाते आणि पुढचे फळ 'फट्' करून उडते. एअरसॉफ्टचे तत्त्व हेच. आत एक नळकांडे असते, त्यात दट्ट्या असतो, दट्ट्यामागे स्प्रिंग असते. स्प्रिंग मागे ओढून सोडली की दट्ट्या पुढे झेपावतो, हवा दाबली जाते, आणि ती हवा मण्याला नळीतून बाहेर फेकते. सुरुवातीच्या बंदुकांत प्रत्येक वेळी स्प्रिंग हाताने ओढावी लागे. मग दाबून भरलेल्या वायूवर चालणाऱ्या बंदुका आल्या. त्यांतल्या काहींना तर वायूची टाकी पाठीवर घेऊन नळी जोडावी लागे, आपल्याकडे फवारणीचा पंप घेतात तशी. १९९१ साली तोक्यो मारुई या जपानी कंपनीने फ्रेंच सैन्याच्या फामास नावाच्या रायफलीची प्रतिकृती काढली. तिच्या पोटातच बॅटरी आणि लहानशी मोटर होती. मोटर दातेरी चाके फिरवी, चाके दट्ट्या मागे ओढत. चाप धरून ठेवला की मण्यांची सरच सुटायची. या एका सुधारणेने खेळ सोपा झाला आणि झपाट्याने पसरला.

दुसरी सुधारणा क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना चटकन समजेल. गोलंदाज चेंडूला फिरकी देतो तेव्हा चेंडू हवेत वळतो, बुडतो किंवा तरंगतो. एअरसॉफ्टच्या नळीत वरच्या बाजूला रबराचा एक बारीक उंचवटा ठेवतात. मणी त्याला घासून जातो, त्यामुळे त्याला उलटी फिरकी मिळते आणि हवा त्याला वर उचलून धरते. एरवी लवकर खाली येणारा तो हलका मणी त्यामुळे चाळीस-पन्नास मीटरपर्यंत जातो.

आता जोराचा हिशेब सांगतो. शिक्षक मंडळींनी फळ्यावर मांडण्यासारखा आहे. शंभर ग्रॅमचा पेरू एक मीटर उंचीवरून खाली पडला तर जमिनीवर आदळताना त्याची ऊर्जा साधारण एक ज्यूल असते. जपानच्या कायद्याने सहा मिलिमीटरच्या मण्याला दिलेली कमाल मर्यादा आहे सुमारे ०.९८ ज्यूल, म्हणजे त्या पेरूइतकीच. नेमबाजीच्या स्पर्धेत दहा मीटरवर जी हवेची रायफल वापरतात, तिच्या शिशाच्या छऱ्याची ऊर्जा सात-आठ ज्यूल भरते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले ते पन्नास मीटर रायफलीच्या प्रकारात. त्या रायफलीतून तर दारूने उडणारी खरी गोळी सुटते, आणि तिची ऊर्जा शंभर ज्यूलच्याही वर जाते. तेव्हा एअरसॉफ्ट आणि नेमबाजी या दोन गोष्टींची गल्लत करू नये. नेमबाजीत समोर कागदाचे लक्ष्य असते. एअरसॉफ्टमध्ये समोर माणूस असतो.

म्हणूनच पेरूचा दाखला ऐकून कोणी निर्धास्त होऊ नये. पेरू मोठा असतो, त्याचा मार पसरतो. पाव ग्रॅमपेक्षाही हलका असा हा मणी तेवढीच ऊर्जा टाचणीच्या मोठ्या डोक्याएवढ्या जागेवर नेऊन सोडतो, आणि सुटताना त्याचा वेग सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास असू शकतो. अंगावर लागला तर चिमटा बसतो, लाल वळ उठतो. डोळ्याला लागला तर आत रक्तस्राव होऊ शकतो आणि दृष्टी कायमची जाऊ शकते. या खेळाचा पहिला नियम त्यासाठीच आहे : मैदानात पाऊल टाकण्यापूर्वी डोळ्यांवर चारही बाजूंनी बंद असा मजबूत चष्मा चढवायचा, आणि मैदान सोडेपर्यंत काही झाले तरी काढायचा नाही. घाम आला, काच धुरकटली, तरी नाही. साधा नंबराचा किंवा उन्हाचा चष्मा या कामाचा नाही. दातांना इजा होऊ नये म्हणून तोंडही झाकून घेतात.

ऐंशीच्या दशकात जपानी तरुण सुट्टीच्या दिवशी रानात, डोंगरउतारावर जमून हा खेळ खेळू लागले. दोन तट पडतात. प्रत्येकाचे एक निशाण. आपले सांभाळायचे आणि दुसऱ्याचे हस्तगत करायचे. ज्याला मणी लागला तो त्या डावापुरता बाद. आपला लपंडाव, आट्यापाट्या आणि नेमबाजी यांची भेळ केली तर जे होईल, ते हे. धावायचे, दबा धरायचा, सोबत्याला खूण करायची, वाऱ्याचा अंदाज घ्यायचा. अंगात रग लागते आणि डोके थंड लागते.

आणि इथेच वर्गातल्या त्या मुलाचा दुसरा प्रश्न पुन्हा पुढे येतो. तो माणूस बाहेर का जातो?

त्याच सुमारास अमेरिकेत असाच एक दुसरा खेळ निघाला होता, त्याच्याशी ताडून पाहू. १९८१ साली न्यू हॅम्पशायर राज्यातल्या एका रानात बारा जणांनी रंगाच्या गोळ्यांची लढाई केली. त्यासाठी त्यांनी जी हत्यारे घेतली ती मुळात तोडायच्या झाडांवर आणि कळपातल्या जनावरांवर रंगाची खूण करण्यासाठी बनवलेली होती. गंमत अशी, की त्या पहिल्या डावात जो जिंकला त्याने एकही गोळी झाडली नाही. तो रानात काम करणारा माणूस होता, झाडीतून गुपचूप फिरून त्याने सगळी निशाणे गोळा केली. त्या खेळाला पेंटबॉल म्हणतात. तिथे गोळी फुटते आणि कपड्यावर रंगाचा मोठा डाग पडतो. डाग दिसला की वाद मिटला. पंच सांगतो, बाहेर हो.

एअरसॉफ्टच्या मण्याचा डाग पडत नाही. मणी लागतो, खाली पडतो, गवतात नाहीसा होतो. पन्नास मीटरवरून मारणाऱ्याला तो लागला की नाही हे नक्की दिसत नाही. पंच प्रत्येक झाडामागे उभा राहू शकत नाही. लागल्याचे निश्चित ठाऊक असते ते एकट्या त्यालाच, ज्याला तो लागला. तेव्हा नियम असा ठरला, की ज्याला लागेल त्याने स्वतःच हात उंच करायचा, मोठ्याने 'हिट' असे ओरडायचे, आणि डाव सोडून चालते व्हायचे. पाठीत लागले तरी, टोपीला चाटून गेले तरी, आपल्याच सोबत्याचा चुकून लागला तरीही. जिंकायला चारच पावले उरलेली असताना लागले तरीही.

ज्याला लागूनही जो गप्प राहतो, त्याला जपानी खेळाडू 'झोम्बी' म्हणतात, म्हणजे मेल्यावरही चालणारा मुडदा. या खेळात त्याहून लाजिरवाणे नाव दुसरे नाही. दुसऱ्या बाजूलाही बंधन आहे. आपल्याला वाटले की समोरच्याला लागला, तरी "लागला, लागला, बाहेर हो!" असे ओरडून भांडायचे नसते. शंका असली तर पंचाच्या कानावर घालायची.

श्रोतेहो, हे ऐकताना आपल्याला काही ओळखीचे वाटले का? गावच्या माळावर पोरे हुतुतू खेळतात तेव्हा पंच कुठे असतो? चढाई करणाऱ्याचा हात निसटता लागला, की लागलेलाच म्हणतो, "लागला रे, मी बाद!" आणि रेषेबाहेर जाऊन उभा राहतो. एखादा असतो चिकट. तो म्हणतो, "कुठं लागला? कापडाला लागला असंल!" त्याच्याशी दोन दिवस कोणी खेळत नाही. तिसऱ्या दिवशी तो आपण होऊन बाद व्हायला शिकतो.

मात्र खेळाडू कितीही सचोटीचे असले, तरी वस्तू बाजारात आली की ती सर्वांच्याच हाती जाते. नव्वदच्या दशकात या बंदुका युरोप-अमेरिकेत पोचल्या. तैवान आणि हाँगकाँगचे कारखानेही त्या बनवू लागले. काही जण आतली स्प्रिंग बदलून जोर वाढवू लागले. २००५ साली जपानात महामार्गावरून जाणाऱ्या मोटारींच्या काचा अशा वाढीव जोराच्या बंदुकांनी फोडण्याचे प्रकार घडले. तेव्हा २००६ साली कायदा सुधारून जोराची मर्यादा पक्की करण्यात आली. तोवर कारखानदारांनी आपापसांत ठरवलेल्या मर्यादांवर काम चालत होते. ब्रिटनने २००६ साली केलेल्या कायद्याने हुबेहूब नकली बंदुकांच्या विक्रीवर निर्बंध आणले आणि नियमित खेळाडूंपुरती सवलत ठेवली. अमेरिकेत १९८८ च्या कायद्यानुसार अशा बंदुकीच्या नळीचे टोक ठळक नारिंगी रंगाचे असावे लागते, म्हणजे पाहणाऱ्याला कळावे, की ही खरी नव्हे.

त्या नारिंगी टोकाचे मोल काय, हे एका दुःखद घटनेने जगाला कळले. २०१४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या क्लीव्हलंड शहरातल्या एका बागेत बारा वर्षांचा एक मुलगा एअरसॉफ्टचे पिस्तूल घेऊन खेळत होता. त्याचे नारिंगी टोक निघालेले होते. कोणीतरी पोलिसांना फोन केला. ते खेळणे असावे अशी शंकाही फोन करणाऱ्याने बोलून दाखवली होती, पण ती बागेकडे निघालेल्या पोलिसांच्या कानी गेलीच नाही. गाडी येऊन थांबली आणि दोन सेकंदांच्या आत पोलिसाने गोळी झाडली. ती गोळी खरी होती. दुसऱ्या दिवशी मुलगा वारला. दोष कोणाचा यावर त्या देशात पुष्कळ वाद झाला. आपण आपल्यापुरता एवढा बोध घ्यावा, की मैदानात सगळ्यांना ठाऊक असते हा खेळ आहे. रस्त्यावर ते कोणालाच ठाऊक नसते.

यासाठी जाणते खेळाडू बंदूक पिशवीत बंद करूनच नेतात. बसमध्ये, बाजारात, अंगणातसुद्धा ती बाहेर काढत नाहीत. मैदानावर खेळापूर्वी यंत्राने प्रत्येक बंदुकीच्या मण्याचा वेग मोजतात; मर्यादेबाहेर गेला तर ती बंदूक त्या दिवशी बाजूला. विश्रांतीच्या जागेत मण्यांची डबी काढून ठेवायची, आत अडकलेला मणी सुरक्षित दिशेला उडवून टाकायचा, नळीच्या तोंडाला कापडी टोपण लावायचे. फार जवळून मारायचे नाही. ज्याच्या डोळ्यांवर चष्मा नाही त्याच्यावर बंदूक रोखायची नाही, गमतीनेसुद्धा नाही. जनावरांवर, पाखरांवर तर मुळीच नाही. आणि ती रिकामी आहे हे ठाऊक असले, तरी भरलेलीच आहे असे समजून वागायचे. जपानात मुलांसाठी फार कमी जोराच्या निराळ्या बंदुका असतात. पूर्ण जोराच्या बंदुका अठरा वर्षांवरील लोकांसाठी मानल्या जातात.

आपल्याकडे काय? आपला शस्त्र कायदा १९५९ सालचा, जपानच्या कायद्याहून एकाच वर्षाने धाकटा. बंदुकीसारखी दिसणारी वस्तू, मग तिच्यातून काही सुटो वा न सुटो, तिला या कायद्याने 'नकली बंदूक' मानले आहे, आणि परवान्यावाचून तिचे खऱ्या बंदुकीत रूपांतर करायला मनाई केली आहे. तेव्हा कोणा तरुणाला हा खेळ शिकावासा वाटला, तर त्याने आधी बंदूक विकत घेण्याच्या फंदात पडू नये. परगावाहून किंवा परदेशाहून मागवण्याआधी पोलीस ठाण्यात नियम विचारावेत. जिथे जाणत्या माणसांच्या देखरेखीखाली खेळ चालतो अशा मैदानावर जावे, तिथलाच चष्मा आणि तिथलीच बंदूक घेऊन एक दिवस खेळून पाहावे. अंगभर कपडे, घोटा सांभाळणारे बूट आणि पिण्याचे पाणी, एवढी तयारी पुरे. पहिल्या दिवशी नेम लागला नाही तरी चालेल. 'हिट' म्हणायला तोंड उघडले पाहिजे.

मला कोणी विचारील, की लढाईचा खेळ मुळात खेळावाच कशाला? युद्ध सोडल्याची घोषणा करणाऱ्या देशातच हा निघावा, हे विपरीत नव्हे काय? शंका योग्य आहे. मला वाटते, लुटूपुटूची लढाई माणसाने फार पूर्वीपासून खेळली आहे. आपला बुद्धिबळाचा डाव तरी दुसरे काय आहे? खेळ आणि लढाई यांतला फरक हत्याराच्या दिसण्यात नाही. लढाईत लागलेले लपवतात. या खेळात ते लपवले तर खेळच उरत नाही, कारण पुढच्या डावात कोणी कोणावर विश्वास ठेवणार नाही.

शिक्षक बंधुभगिनींना शेवटी एक सुचवावेसे वाटते. एअरसॉफ्ट आपल्या शाळेत येण्याचे कारण नाही, आणि यावा असेही मी म्हणत नाही. पण त्यातला एक नियम फुकट मिळण्यासारखा आहे. आठवड्यातून एका तासाला मुलांना हुतुतू किंवा आट्यापाट्या पंचाशिवाय खेळू द्या. शिट्टी खिशात ठेवा आणि कडेला उभे राहा. पहिले दोन-तीन तास भांडणे होतील, रडारडही होईल. तुम्ही मध्ये पडू नका. मग एखाद्या दिवशी एक मुलगी किंवा मुलगा, कोणी पाहिले नसताना, हात वर करून म्हणेल, "गुरुजी, मला लागलं." त्या दिवशी त्या मुलाचे नाव वर्गात सर्वांसमोर घ्या.